आईंचा अर्धामुर्धा आवाज

मित्रांनो, मी एक जुना व्हॉइस रेकॉर्डर आहे. मुठीत मावेन एवढाच. हवेतली थरथर माझ्या माइकच्या पातळ पडद्यावर आदळते, तिची वीज होते आणि ती मी सेकंदाला हजारो वेळा मोजतो. प्रत्येक मोजमाप म्हणजे एक आकडा. ते आकडे मी शून्य आणि एक यांच्या लांबलचक रांगांत लिहून ठेवतो. माझ्यापाशी आवाज असतो तो असा.

माझ्या घरच्या आई बसस्थानकावर गाड्यांच्या सूचना द्यायच्या. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. लेकीला दिवस गेले होते, म्हणून होणाऱ्या नातवंडासाठी आई माझ्यापुढे गोष्टी सांगायला बसल्या.

"एवढं सगळं मावेल का गं यात?"

"मावेल गं आई. कमी जागा खाणारी सेटिंग लावलीय मी."

म्हणजे मी कमी वेळा मोजायचं. धारदार आवाज फार भराभर थरथरतात. ते माझ्या मोजमापांमधून निसटू लागले. मला ते कळत होतं. पण मला ऐकलेलंच बोलता येतं, स्वतःचं नाही. आई जीव ओतून सांगत राहिल्या आणि मी अर्धामुर्धा टिपत राहिलो.

ऑपरेशननंतर लेकीनं मला लावलं आणि तिचा चेहरा पडला. 'स' आणि 'फ' सारखेच ऐकू येत होते. जणू आई तोंडावर उशी धरून बोलत होत्या.

"दादा, कर ना काहीतरी!"

संगणकावर काम करणाऱ्या भावानं पुष्कळ खटपट केली. शेवटी म्हणाला, "जे मोजलंच नाही, ते आकडे आणू कुठून?"

"माझंच चुकलं," म्हणत ती रडू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईंनी शांतपणे सगळं ऐकलं. मग मला लेकीच्या हातात दिलं, तिच्या ओठांना बोट लावलं आणि पोटाकडे खूण केली. आता तू सांग.

जुन्या गोष्टी संगणकावर ठेवून लेकीनं मला रिकामं केलं, सगळ्यात चांगली सेटिंग लावली आणि त्याच गोष्टी सांगू लागली. तिनं घाई केली की आई टेबलावर टिचकी मारायच्या. टिचकी ऐकली की ती थांबायची, दम घ्यायची. त्या टिचक्याही मी टिपल्या, नखाच्या बारीक आवाजासकट.

नात आता त्या गोष्टी ऐकते. टिचकी वाजली की ओरडते, "ही आजी!"

माझी टोचणी मात्र गेलेली नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, आपल्या माणसाचा आवाज साठवताना जागा वाचवू नका. आणि लगेच लावून ऐका, ते माणूस समोर बसलेलं असतानाच.