तळहाताएवढी साल

१९८४ च्या सप्टेंबरातला दुसरा शनिवार. मिनेसोटाच्या उत्तर टोकाचं राष्ट्रीय उद्यान. माणसं तीन : मी, पत्नी सुनंदा आणि रजा काढून वाईहून आमच्याकडे अमेरिकेत आलेली कमलमावशी. पिवळ्या पानांतून उतरलेलं ऊन मावशीच्या पांढऱ्या केसांवर थबकलं होतं, आणि फळ्यावरच्या अक्षराखाली रेघ ओढावी तसं तिचं बोट एका बर्चच्या शुभ्र खोडावरून सावकाश सरकत होतं.

"अरे, हा तर भूर्ज!"

एकतीस वर्षं तिनं शाळेत संस्कृत शिकवताना 'भूर्जपत्र' हा शब्द फळ्यावर लिहिला होता. झाड कधी पाहिलं नव्हतं. मुली विचारत, "बाई, ते दिसतं कसं?" आणि बाई पुढच्या ओळीकडे वळत. येत्या उन्हाळ्यात ती निवृत्त होणार होती.

त्या दिवशी मी पाच लून पक्षी मोजले, बीव्हर प्राण्यांनी फांद्या रचून घातलेले दोन बांध, आणि पाणथळीत मान बुडवून उभं असलेलं एक थोराड मूस हरीण. मावशीनं काहीच मोजलं नाही. तळ्यावरून लूनची लांबट, ओलसर हाक आली की ती डोळे मिटून घेई आणि हाक विरून गेल्यावरही बराच वेळ उघडत नसे.

परतताना तिच्या पर्समधून गळून पडलेल्या सालीचा तुकडा डोकावला.

"मावशी, इथून काडीही न्यायची नाही. नियम आहे."

"मुलींना दाखवायची होती रे. शेवटची तुकडी माझी."

"अहो, पडलेलीच आहे ना!" सुनंदा म्हणाली. मी वाटेवरच्या नियमांच्या पाटीकडे बोट दाखवलं.

मावशी सुनंदाकडे पाहून हसली. "ताई, याची आई, म्हणायचीच, हा देवाची फुलंसुद्धा मोजून वाहील." मग चाळीसेक पावलं मागे जाऊन तिनं ती साल त्याच झाडाखाली, पांढरी बाजू वर करून ठेवली.

ती वाईला परतली. ऑक्टोबरात अंगण झाडताना माझा हात थांबला. सहा वर्षं मी ज्याची पानं कुरकुरत गोळा करत होतो, ते शेजाऱ्याचं झाड बर्चच होतं. त्याला विचारून खाली पडलेली एक साल उचलली आणि डिसेंबरात भारतात नेली. तोवर दिवाळीनंतरच्या आठवड्यात मावशी गेली होती.

मी तिच्या शाळेत गेलो. साल अडतीस मुलींच्या हातांतून फिरली. शेवटच्या बाकावरच्या मुलीनं तिच्यावरून सावकाश बोट ओढलं, अगदी बाईंसारखं. देणं ज्यांचं त्यांना चुकतं झालं. वेळ तेवढी चुकली.