डॉक्टरीणबाईचं यान

जयवंताबाईंचं डोकं त्या रविवारी सकाळपासूनच तापलं होतं. ग्रामपंचायतीत नवा रंगीत टीव्ही आला होता, त्यावर अंतराळातली नवी हिंदी मालिका सुरू झाली होती, आणि तिच्यापायी उपसरपंच रूपरावांनी बायकांची सतरंजीच उचलायचं ठरवलं होतं.

सेलूपासून आडवाटेला असलेल्या या गावात पहिला काळा-पांढरा टीव्ही आला, तेव्हा रविवारी एक जुनी इंग्रजी मालिका लागायची. यान, परग्रह, चमकणारे कपडे. समजायचं कुणालाच नाही. बालवाडीच्या जयवंताबाई तेवढ्या मॅट्रिक, म्हणून त्यांना टीव्हीशेजारी उभं करून गोष्ट सांगायला लावली. एवढ्या पुरुषांत बाई एकटी कशी उभी राहणार, म्हणून सोबतीला चारजणी आल्या. बघता बघता चाराच्या चाळीस झाल्या, त्यांच्यासाठी वेगळी सतरंजी आली. आठवड्यातला तेवढा वेळ त्या बाया चुलीपुढे नसत आणि वावरातही नसत.

खरं सांगायचं तर ते इंग्रजी जयवंताबाईंच्याही डोक्यावरून जाई. पण गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. यानात पांढऱ्या कोटातली एक बाई होती, ती अधूनमधून दोन शब्द बोले. जयवंताबाईंनी यानातली सगळी अक्कल तिच्या डोक्यात घातली. कप्तान तोंड हलवायचा आणि या सांगायच्या, "थो इचारून राह्यला, डॉक्टरीणबाई, आता का करू?" बाया खूश. दार लावलं की यानाची भिंत हलायची, टेकलं की परग्रहावरचा डोंगर वाकायचा, पण डॉक्टरीणबाई काही डगमगायची नाही.

नव्या मालिकेत सगळाच झगमगाट. दिवे लुकलुकतात, यंत्र बोलतं, माणूस धुरात विरघळतो. आणि त्यातली शास्त्रज्ञ म्हणवणारी बाई काय करते? किंचाळते. किंचाळून झालं की चहा आणते. हिंदी असल्यामुळे हे सगळ्यांना स्वच्छ कळत होतं. यालाच सुधारणा म्हणत असतील तर ती चुलीत जावो, असं जयवंताबाईंना वाटलं.

"आता हिंदी हाये, सगळ्याइले समजते," रूपराव टीव्हीसमोरच्या खुर्चीत रेलून म्हणाले. "सांगनारी कायले पाह्यजे? अन् सांगनारी नाई तं सतरंजी कायले? पुढल्या रविवारपासून टीव्ही आतल्या खोलीत ठेवू. बायाइनं घरी सैपाक करावा."

"इतके दिवस चाललं ना बराबर?" जयवंताबाई म्हणाल्या.

"थे खोक्याचं यान? अवो, खरं सायन्स तं हे हाये!"

शेजारी रूपरावांचा पुतण्या प्रभाकर बसला होता, नागपूरच्या कॉलेजात शिकणारा. जुनी मालिका त्यानं तिकडे पाहिली होती, आणि समजून पाहिली होती. "मावशी, जुन्यातबी त्या बाईले काई काम नोतं," तो म्हणाला. "थे फक्त 'यस सर' म्हने. बाकीचं तुमी मनानंच जोडलं."

जयवंताबाईंच्या कानशिलांत आग उसळली. लाज नव्हती ती, निव्वळ राग होता. साता समुद्रांपलीकडच्या त्या शहाण्यांना ताऱ्यांपर्यंत जाणारं यान सुचलं, आणि त्यात बाईच्या तोंडी 'यस सर'? आणि इकडच्यांना एवढे रंग मिळाले, तरी चहाच सुचावा?

"हो, जोडलं!" त्या कडाडल्या. "भिंत हालते थे तुमाले दिसते, अन् बाई मुकी हाये थे काऊन नाई दिसत? चला वो, उठा साऱ्याजनी!"

पदर खोचून त्या दाराकडे निघाल्या. मागे कुणी उठलंच नाही. इतकी वर्षं फसवलं म्हणून बाया रुसल्या, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात दाराजवळ बसणारी रामबाई उठली. इतक्या वर्षांत ती तिथं चकार शब्द बोलली नव्हती. पुरुषांच्या खुर्च्यांमधून ती सरळ पुढे गेली आणि तिनं बटण उलटं फिरवून आवाज पार बंद केला. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवू लागली.

"काऊन बंद केला?" रूपराव ताडकन उठले. "वाढव आवाज!"

रामबाई बटणाला पाठ लावून उभी राहिली. आता बटणाला हात घालायचा तर गावादेखत परक्या बाईला ढकलावं लागणार. रूपराव होते तिथंच थबकले.

"आमाले काय समजत नोतं?" सतरंजीवरून रुख्मिणी म्हणाली. "दोन वेळा ओठ हालले का इतकं मोठं भाषन निंघते का कोनाच्या तोंडातून?"

"सतरंजी इथंच राहीन," रामबाई म्हणाली. "पुढल्या रविवारीबी. सांगा, बाई."

जयवंताबाई परत आल्या आणि टीव्हीशेजारी आपल्या जागी उभ्या राहिल्या. राग अजून उतरला नव्हता. पडद्यावर ती शास्त्रज्ञ बाई चहाचा ट्रे घेऊन येत होती.

"डॉक्टरीणबाई म्हनून राह्यली," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कप्तान, हा माह्या हातचा आखरी चाय. पी, अन् खुर्चीवरून ऊठ. यान आता मी चालवीन."

पडद्यावरचा खुर्चीतला कप्तान खरंच उठला. पुढं काय, म्हणून सगळ्यांच्या माना उंचावल्या, आणि मागच्या रांगेतून एक पुरुष वैतागून ओरडला, "रूपरावजी, खाली बसा ना! दिसून नाई राह्यलं!"