कर्पेबाईंना पासष्ट पूर्ण

आपण राज्यात पहिल्या आलो ही बातमी नलिनी पौनीकरांना कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये कळली. त्यांनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि विचारलं, "कशात?"

"टेनिस में, काकू!" क्लबचे सेक्रेटरी समीर तिकडून ओरडत होते. "नवीन सालाची लिस्ट आली ना आज. महिला, पन्नासच्या पुढचा गट, नंबर वन, नलिनी पौनीकर. बधाई हो!"

"अहो, पण दिवाळीपासून मी एक मॅच खेळलेली नाही."

"तो क्या हुआ? नंबर तर आला ना!"

फोन बंद झाला. नलिनीबाई कणकेचे हात तसेच ठेवून उभ्या राहिल्या. मॅच न खेळता नंबर कसा येतो, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना.

गेली अकरा वर्षं त्या दुसऱ्या होत्या. दर जानेवारीत यादी यायची, वर अनुराधा कर्पे, खाली नलिनी पौनीकर. बाकीच्या सात-आठ बायका आलटून पालटून तिसऱ्या-चौथ्या व्हायच्या, पण वरच्या दोन ओळींना कोणी हात लावला नव्हता. दोघी आजवर एकोणीस वेळा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या आणि एकोणीस वेळा नलिनीबाई हरल्या. कर्पेबाईंचा बॅकहँड, सर्व्हिसच्या आधी चेंडू तीनदाच आपटायची सवय, बुटाच्या नाडीची दुहेरी गाठ, हे सगळं त्यांना पाठ होतं. मात्र या बाईला मुलं किती, ती राहते कुठे, स्वयंपाकात गोड घालते की तिखट, यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. बोलणं व्हायचं ते नेटपाशी. "छान खेळलात, पौनीकर." "तुम्हीही, कर्पे." अकरा वर्षांत एवढंच.

आणि पहिलं येणं कसं असेल, हे नलिनीबाईंनी पक्कं ठरवून टाकलं होतं. शेवटचा पॉइंट संपेल, कर्पे नेटपाशी येतील, हात पुढे करतील आणि म्हणतील, पौनीकर जिंकल्या. हे दृश्य त्यांनी भांडी लावताना, ऑफिसात फायली चाळताना, डेंटिस्टकडे आ वासून पडल्या पडल्याही पाहिलं होतं. त्यात कुकर कुठेच नव्हता.

नवऱ्याला, भालचंद्ररावांना, मात्र कसलाही गोंधळ नव्हता. पाटबंधारे खात्यात इंजिनियर म्हणून ते नागपूरहून भोपाळला आले, इथेच रिटायर झाले आणि तेव्हापासून आनंद व्हायला त्यांना फक्त निमित्त लागत असे.

"एम. पी. नगरला जातो आणि फ्लेक्स करून आणतो," ते शर्ट चढवत म्हणाले. "तुझा फोटो, खाली 'राज्यात प्रथम'. रविवारी क्लबात लावून टाकू!"

"अहो, पण कर्पेंना हरवलं कोणी?"

"कोणीच नाही. तीच तर मजा आहे!"

यात मजा कुठे आहे ते नलिनीबाईंना दिसेना. त्यांनी समीरना पुन्हा फोन लावला आणि नीट, पहिल्यापासून सांगायला लावलं. तेव्हा उलगडा झाला. बायका कमी म्हणून राज्यात बायकांचे गट दोनच, एक पन्नासच्या पुढचा आणि एक पासष्टच्या पुढचा. कर्पेबाईंना यंदा पासष्ट पूर्ण होत होती, म्हणून त्यांचं नाव वरच्या गटात गेलं. तिथे त्या एकट्याच, म्हणून तिथेही पहिल्या.

"पासष्ट?" नलिनीबाई जवळजवळ ओरडल्याच. त्या स्वतः बासष्टच्या होत्या आणि कर्पे आपल्याहून दोन-चार वर्षांनी लहान, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. प्रत्येक हरण्यानंतर त्या समजुतीने आधार दिला होता. म्हणजे अकरा वर्षं आपण आपल्याहून मोठ्या बाईकडून मार खाल्ला!

"मग त्या आमच्या गटात खेळूच शकत नाहीत?"

"शकतात ना. मोठ्यांना खालच्या गटात खेळता येतं, बस फॉर्म भरावा लागतो. उन्होंने भरा ही नहीं."

नलिनीबाईंना आधी राग आला, मग हसू आलं, मग चक्क रडू येतंय असं वाटलं, आणि तेवढ्यात वरण लागल्याचा वास आला. त्यांनी गॅस बंद केला, समीरकडून कर्पेंचा पत्ता घेतला आणि स्कूटी काढली. अरेरा कॉलनीपासून निम्मी वाट गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की रॅकेटची पिशवी पाठीला आहे आणि पायांत बूटसुद्धा आहेत. हे कधी घातले, देव जाणे.

कोलार रोडवरच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर कर्पेबाईंनी दार उघडलं. अंगात गाऊन, गुडघ्याला पट्टा, हातात निम्मी सोललेली मटाराची शेंग. त्यांनी नलिनीबाईंकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "आज मॅच होती का?"

"नाही. मी पहिली आलेय, ते विचारायला आले."

असं वाक्य आपण बोललो यावर नलिनीबाईंचाच विश्वास बसेना. पण कर्पेबाईंना ते कळलं असावं. त्यांनी आत बोलावलं, चहा टाकला, मटाराचं ताट बाजूला सरकवलं.

"फॉर्म का नाही भरलात?" नलिनीबाईंनी चहा येण्याआधीच विचारलं.

कर्पेबाईंनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "पहिल्या वर्षी तुम्ही माझ्याकडून सहा-एक, सहा-एक हरलात. मग सहा-दोन. मग सहा-चार. मागच्या सप्टेंबरात तिसऱ्या सेटचा टायब्रेकर झाला. तीन वर्षं मी या पासष्टची वाट बघत होते. तुमच्याकडून हरायच्या आत मला बाहेर पडायचं होतं."

"म्हणजे तुम्ही घाबरलात? मला?"

"हो."

अकरा वर्षांत इतकं गोड नलिनीबाईंना कोणी काही बोललं नव्हतं. आणि तरी त्यांना इतका संताप आला, की कपबशीच आपटावीशी वाटली. हे काय त्रांगडं आहे? बाई आपल्याला घाबरते, तर आनंद व्हायला हवा. आनंद होतही होता. पण जिच्याशी लढायचं तीच दार लावून आत बसली, तर हा आनंद ठेवायचा कुठे?

"मग मी पहिली कशी?"

"यादीत आहात की."

"यादीला काय कळतंय!" नलिनीबाई उठून खिडकीपाशी गेल्या. खाली सोसायटीचं सिमेंटचं कोर्ट होतं, मधोमध लोंबकळलेलं नेट. "एक सेट. आत्ता."

"माझा गुडघा..."

"माझाही दुखतो."

कर्पेबाईंनी मटाराकडे पाहिलं, पट्टा घट्ट केला आणि कपडे बदलायला आत गेल्या.

कोर्ट भिकार होतं. चेंडू कुठेही उडत होता आणि कोपऱ्यांतल्या रेघा पार पुसल्या होत्या. पंच नव्हता, तेव्हा नेहमीचा रिवाज, आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर ते आपणच सांगायचं, आणि शंका असेल तर आत म्हणायचं. बाकावर ऊन खात बसलेल्या दोन आजोबांनी थोडा वेळ पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

नलिनीबाई कधी नव्हे अशा खेळल्या. दोन-चार असा मागे असलेला सेट त्यांनी चार-चारवर आणला, मग पाच-चार. स्वतःची सर्व्हिस, चाळीस-तीस. एक पॉइंट हवा होता. कर्पेंना हरवायला एकच पॉइंट उरलाय, असं एकोणीस मॅचमध्ये कधी झालंच नव्हतं.

त्यांनी सर्व्हिस केली. कर्पेबाईंनी बॅकहँडने चेंडू थेट मागच्या डाव्या कोपऱ्यात मारला. नलिनीबाई धावल्या, रॅकेट पोचली नाही, चेंडू आपटला आणि भिंतीकडे गेला. आपटला कुठे? रेघेवर? रेघेच्या पलीकडे? डोळ्यांत ऊन होतं आणि तिथे रेघच नव्हती. बाहेर म्हटलं तर जिंकल्या. हरकत घेणारं कोणी नव्हतं. अकरा वर्षं त्या एका शब्दावर येऊन थांबली होती, आणि त्यांना खरंच, अगदी खरंच दिसलं नव्हतं.

"आत," त्या म्हणाल्या.

कर्पेबाई सर्व्हिस घ्यायला मागे गेल्याच नाहीत. त्या लंगडत नेटपाशी आल्या.

"बाहेर होता."

"माझी बाजू आहे. मी सांगायचं."

"चेंडू माझा होता. मला दिसला. बाहेर होता." आणि त्यांनी हात पुढे केला. "सहा-चार. पौनीकर जिंकल्या."

अगदी तसंच. नेट, हात, तेच शब्द. नलिनीबाईंनी तो हात धरला आणि सोडला नाही.

"खरं सांगा, कर्पे. बाहेर होता? की मला दिलात?"

कर्पेबाईंनी रॅकेटची मूठ टी-शर्टला पुसली. "आता हरलेय म्हटल्यावर मला त्या वरच्या गटात जाऊन बसता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "आजच फॉर्म भरते, तुमच्या गटाचा. मार्चमधल्या स्पर्धेला पंच असतो. त्यालाच विचारा."

नलिनीबाई घरी आल्या तेव्हा भालचंद्ररावांनी फ्लेक्स दिवाणखान्यात अंथरला होता. त्यावरच्या नलिनीबाई खऱ्या नलिनीबाईंहून पुष्कळ गोऱ्या होत्या.

"गेली होतीस कुठे?"

"कर्पेंकडे. एक सेट खेळलो."

"मग? कोण जिंकलं?"

"मी."

"अरे वा! मग चेहरा असा का?"

नलिनीबाई फ्लेक्सच्या कडेला जमिनीवर बसल्या आणि बूट काढू लागल्या. आपण हसतोय, हे त्यांना गालांवरून कळलं. डोळे का पुसावे लागतायत, ते कळलं नाही.

"गुंडाळून ठेवा हा," त्या म्हणाल्या. "मार्चनंतर बघू." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "अहो, बाहेर होता का हो?"

"कोण?" भालचंद्रराव म्हणाले आणि दाराबाहेर कोण आलंय ते बघायला उठले.