न तुटलेली नूडल

“तुझे सासरे चहा पिताना खोकतात गं. दर घोटाला. जरा लक्ष ठेव त्यांच्याकडे,” खालच्या मजल्यावरच्या हाओ काकूंनी यूनशूला जिन्यात अडवून सांगितलं होतं.

यूनशूच्या कडेवर नुओनुओ होती, हातात भाजीची पिशवी. ती हसली. “काकू, जन्मभर सिगारेटी ओढलेल्या माणसाला खोकला नाही येणार तर काय गाणं येणार?”

“हस बाई, हस,” म्हणत काकू बाजूला झाल्या. आपल्या दारापर्यंत पोचता पोचता यूनशू ते विसरूनही गेली.

तशी ती विसरणाऱ्यातली नव्हती. नुओनुओ झाल्यापासून तिचे डोळे म्हणजे घरावरचा पहाराच. द्राक्षाचे बारीक तुकडे करायचे, शेंगदाणा घरात आणायचा नाही, बाहुलीची बटणं उसवून टाकायची. लेकीच्या नूडल्स कापायला तिने वेगळी कात्री ठेवली होती. ती रोज उकळत्या पाण्यातून काढायची. सासूबाई म्हणायच्या, “कॉलेजात काय घाबरायला शिकवतात का गं?” जेवताना यूनशूची नजर मुलीच्या वाडग्यावरून हलत नसे. त्यामुळेच तिला दिसायचं, की बाबा, म्हणजे तिचे सासरे, हल्ली आपल्या वाट्याचे मटणाचे तुकडे हळूच नातीच्या वाडग्यात सरकवतात. किती जीव लावतात, असं वाटून तिला भरून यायचं. मग ती ते तुकडे आणखी बारीक कापायची.

बाबांना सत्तरावं लागलं त्या दिवशी सासूबाईंनी सकाळीच मैदा मिठाच्या पाण्यात तिंबून, तेल लावून मुरत ठेवला. दुपारी त्याचा करंगळीएवढा जाड दोर वळला आणि परातीत वेटोळं घातलं. पाणी खळखळायला लागल्यावर वेटोळं सोडवत सोडवत तो दोर भांड्यात गेला. वर टोमॅटो-अंड्याचा रस्सा आणि व्हिनेगर. वाडगा काठोकाठ भरला, पण आत नूडल एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड.

“दात लावायचा नाही हं,” सासूबाईंनी बजावलं. “आयुष्य आहे ते तुमचं. तोडलंत तर बघा!”

“म्हणजे तुझ्याबरोबर अजून तीस वर्षं?” बाबा म्हणाले. “मग आत्ताच तोडतो.”

“म्हातारबा, आज तरी तोंड सांभाळा!”

यूनशूचा नवरा रुईफंग फोन रोखून उभा होता. “ओढा बाबा! थांबायचं नाही!”

बाबांनी टोक ओठांत धरलं आणि सुर्रकन ओढायला सुरुवात केली. नुओनुओने टाळ्या पिटल्या. यूनशू मान खाली घालून लेकीच्या नूडल्स कापत होती.

सुर्र आवाज थांबला.

“काय बाबा, दमलात एवढ्यात?” रुईफंग हसत होता.

यूनशूने वर पाहिलं. बाबांचं तोंड उघडं होतं, ओठांतून वाडग्यापर्यंत नूडल लोंबत होती. डोळे मोठे झालेले. हात टेबलावर आपटत होता, पण घशातून काहीच येत नव्हतं. ना शब्द, ना श्वास. ज्या खोकल्याला ती हसली होती, तो आत्ता यायला हवा होता, आणि तो येत नव्हता.

ती कात्रीसकट उठली. सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं.

“कापू नकोस! आजच्या दिवशी कापू नकोस!”

“आई, त्यांचा श्वास अडकलाय!”

“कापू नकोस गं!”

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. हात झटकून यूनशूने कात्री नूडलला लावलीही, आणि तिथेच ती थांबली. आता कापली, तर आतलं आतच राहील. धरायला काही उरणार नाही.

कात्री खाली पडली.

“रुईफंग, फोन टाक! वाकव त्यांना! पाठीत मार, जोरात!”

रुईफंग दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने हाणत राहिला. यूनशूने नूडल बोटांभोवती गुंडाळली आणि ओढायला लागली. ती निसटत होती, ताणली जात होती, बारीक होत होती. “तुटू नकोस, तुटू नकोस,” कुणीतरी पुटपुटत होतं. तो आपलाच आवाज आहे, हे तिला मागाहून कळलं. बाबांच्या ओठांभोवतीची निळी रेघ तिला दिसत होती. मग एका धक्क्याने नूडलचा अख्खा गुंता बाहेर आला, आणि मागोमाग एक भयंकर आवाज. श्वास आत घेतल्याचा.

नुओनुओ भोकाड पसरून रडत होती. सासूबाई फरशीवर बसल्या होत्या. त्यांनी ती लिबलिबीत नूडल दोन्ही हातांत घेतली, टोकापासून टोकापर्यंत चाचपली आणि हसताहसता रडायला लागल्या. “नाही तुटली. बघा, नाही तुटली.”

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी चमच्याने पाणी पाजून पाहिलं; दर चमच्याला बाबा खोकत होते. अर्धांगाचा छोटासा झटका येऊन गेला असणार, म्हणाल्या. घशाची एक बाजू सैल पडली आहे.

“कधीपासून त्रास होतोय?”

बाबा छताकडे बघत घोगऱ्या आवाजात म्हणाले, “झाला असेल महिना. म्हटलं, वाढदिवस होऊन जाऊ दे. त्यात ही पोर बिचारी आधीच लेकीच्या काळजीने अर्धी झालेली.”

“आणि ते मटण, बाबा?” यूनशूने विचारलं.

“गिळवत नव्हतं गं.”

ती भिंतीला टेकली. म्हणजे गिळवत नसलेला घास न् घास तिच्या डोळ्यांदेखत त्या वाडग्यात येत होता. ती तो बघत होती. कापत होती. भरवत होती.

आता बाबांच्या नूडल्सही त्याच कात्रीने कापल्या जातात. तेवढा वेळ सासूबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहतात. हाओ काकू भेटून गेल्या, पण जिन्यातलं बोलणं त्यांनी काढलं नाही. त्यांनी ते काढलं असतं तर बरं झालं असतं, असं यूनशूला वाटतं.

भेटेल त्याला ती एकच विचारते, तुम्हालाही तेच विचारते आहे. तुमच्या घरात कुणी आपल्या पानातलं लेकराच्या पानात सरकवतं का? आज ते पाणी पितील तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून, समोर बसून, एकदा त्यांच्याकडे बघाल?