लाल पट्ट्याचं पातेलं

माझी जीभ तिखट आहे, हे मला कोणी सांगायला नको. तीस वर्षं झाली, दर रविवारी सिनेगॉगमागच्या खोलीत मी मुलांना आपला ज्यू धर्म शिकवते. चौदा-पंधराची पोरं आईबापाचं एक ऐकत नाहीत, पण बाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. याचा मला फार तोरा होता.

त्या रविवारी दूध आणि मटण वेगळं ठेवण्याचा धडा चालू होता. ठमीनं हात वर केला. ठमी हे तिच्या आजीनं ठेवलेलं नाव. आई दवाखान्यात नर्स, त्यामुळे पोरीला वाढवलं ते आजीनंच.

"बाई, आमच्याकडे एकच मोठं पातेलं आहे. आजी त्यातच दूध तापवते, त्यातच मटण शिजवते."

"मग त्यातलं अन्न आपल्या उपयोगाचं नाही," मी म्हणाले आणि फळा पुसायला वळले. मग पोर घरी काय खाणार, एका शब्दानं विचारलं नाही.

तेव्हापासून ठमी घरी पाव आणि फळांवर राहिली. मला ते कळलं महिन्याभरानं, एका सोमवारी आजी माझ्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा. तिनं पिशवीतून नवंकोरं पातेलं काढलं. कडेला लाल रंगाचा पट्टा ओढलेला.

"लाल मटणाला, दुधाला निळं घेतलंय. जुनं मोडीत दिलं. दोन्ही सिनेगॉगच्या कुंडात बुडवून शुद्ध करून आणली, बाई. पण ठमी म्हणते, बाई हो म्हणाल्या तरच खाईन. माझ्या हातचं खाऊन महिना झाला हो तिला. तुम्ही एवढं सांगा."

"सांगते की. रविवारी वर्गात सांगते."

"आज फोन केलात तर?"

"आजी, धर्माच्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात."

साफ खोटं. फोनवर मी जगाला शहाणपण शिकवते. एक म्हातारी मला घाई करतेय, एवढंच मला खुपलं होतं.

गुरुवारी पहाटे आजी झोपेतच गेली. दुपारी दफन झालं आणि मी त्यांच्या घरी गेले. आमच्यात दफनानंतरचं पहिलं जेवण शेजारी आणतात, घरचं खायचं नसतं. ठमीची आई खाली बसून शेजारणीनं दिलेलं उकडलेलं अंडं चिवडत होती. ठमी स्वयंपाकघरात उघड्या फ्रीजसमोर उभी होती. आत लाल पट्ट्याचं पातेलं.

"काल आजीनं केलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, रविवारी बाई सांगू देत, मग खाते. आज तर घरचं चालतच नाही ना? तुम्हीच शिकवलंय."

"ते तुझ्या आईला, ती आजीची मुलगी म्हणून. नातीला तो नियम नाही. तू खा."

"आणि पातेलं?"

"चांगलं आहे. सोमवारीच चांगलं होतं."

तिनं मटण गरम केलं. महिनाभर ती ज्यात जेवत होती त्या कागदी ताटल्यांतल्या दोन काढल्या आणि एक माझ्यापुढे सरकवली.

"आधी तुम्ही खा."

मी खाल्लं. बटाटे मऊ शिजले होते, मीठ बेताचं होतं. माझा घास घशाखाली उतरेपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं पहिला घास घेतला आणि तो तोंडात तसाच धरून रडायला लागली.

एवढंच तर करायचं होतं मला. सोमवारी आजीबरोबर तिच्या घरी जायचं आणि एक घास खायचा.