हॅलोबींची चाल

धक्क्यावरून झोकांड्या खात चाललेल्या आसा हॅलोबीला पोलिसांनी दारुडा समजून कोठडीत टाकलं, त्या दुपारी त्याची बहीण लिडिया शाळेच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात बीन्स ढवळत होती. निरोप आला तशी ती एप्रन न सोडताच धावत सुटली.

"अहो, हा दारूला शिवत नाही," ती शिपायाला म्हणाली. "अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"बाई, अख्ख्या गावानेच त्याला आज आडवंतिडवं चालताना पाहिलंय. इथे आल्यावर माझी कॉफी सांडली. दुसरा कप दिला, तोही सांडला. आता काय म्हणू मी?"

आसा बाकावर बसला होता. त्याचा एक खांदा मधूनच उचकत होता आणि बोटं मांडीवर आपोआपच नाचत होती. मान वर न करता तो म्हणाला, "लिडे, मला घरी ने. मी मुद्दाम नाही गं करत."

त्याची जीभही जड झाली होती. लिडियाने पहिल्यांदाच ते नीट ऐकलं, आणि गेलं वर्षभर आपण ते ऐकायचं टाळत होतो हेही तिला तिथेच कळलं.

बॉस्टनच्या डॉक्टरांनी फार घोळ घातला नाही. हा मेंदूचा रोग. तो चाळिशीच्या आसपास सुरू होतो, आधी हातपाय घेतो, मग जीभ, मग डोकं. औषध नाही. आईकडून किंवा बापाकडून येतो; ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. ज्याच्या अंगात तो उतरला नाही, त्याची पुढची मुलंबाळं मात्र सुटली. आणि कोणाच्या अंगात आहे, कोणाच्या नाही, हे रोग दिसेपर्यंत ओळखता येत नाही; तशी चाचणी अजून निघालेली नाही.

"तुमच्या घराण्यात आधी कोणाला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

एरवी लिडियाला हसू आलं असतं. घराण्याबद्दल विचारावं तर हॅलोबींनाच! पहिला हॅलोबी इंग्लंडहून आला तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या या किनाऱ्यावर गोऱ्यांची चार झोपडीवजा घरं होती. त्याच्यापासून आजपर्यंतच्या सगळ्या पिढ्यांचा वंशवृक्ष विनी आत्याच्या दिवाणखान्यात भिंतभर लावलेला होता. दर ऑगस्टमध्ये चर्चमागच्या कुरणावर सगळे हॅलोबी जमत, आणि आत्या त्या वर्षीची बाळं बारीक कुंचल्याने फांद्यांवर चढवी. कोण कुठल्या लढाईत गेला, कोण चर्चचा कारभारी होता, सगळं त्यात होतं. कोण कशाने मेला हे मात्र कोणाच्याच नावापुढे नव्हतं.

परतीच्या वाटेवर आसा गाडीत झोपला. झोपेत मात्र त्याचं अंग शांत होतं. लिडिया गाडी चालवत होती आणि तिच्या मनात एक विचार उगवला, तो उगवल्याबरोबर तिची तिलाच लाज वाटली. आसाचा आणि तिचा बाप एक, पण आया दोन. आसाची आई, हन्ना पाईक, तो रांगत होता तेव्हाच न्यूमोनियाने गेली. रोग हन्नाकडून आला असेल तर आसा एकटाच त्यात अडकला. मग लिडिया मोकळी आणि तिची लेक रोवेनाही मोकळी. बाप तर ऐन उमेदीत होडी घेऊन गेला आणि बुडाला. त्याच्या अंगात काय होतं ते कोणाला कळणार?

रोवेनाचं लग्न सप्टेंबरात होतं. मॅनी सूझा हा पोर्तुगीज कोळ्याचा पोरगा, मोठा बोलघेवडा. दोघांना चार मुलं हवी होती, नावंसुद्धा ठरवून झाली होती आणि तिसऱ्याच्या नावावरून त्यांचं भांडण चालू होतं. लिडियाला त्या भांडणाची आता भीती वाटायला लागली.

रविवारी ती एकटीच उत्तरेला मेन राज्याच्या किनाऱ्यावर गेली. हन्नाचा थोरला भाऊ इझ्रा पाईक तिथे अजून होता. वय ऐंशीच्या पुढे. तो उलट्या खोक्यावर बसून शेवंड पकडायच्या पिंजऱ्याचं जाळं विणत होता. लिडियाने आधी त्याचे हात पाहिले. सुई जाळ्यातून सपासप फिरत होती. एकही टाका चुकत नव्हता.

"आसा बरा आहे ना?" त्याने विचारलं. "ख्रिसमसला येतो म्हणाला होता, आलाच नाही लबाड."

"मामा, तुमच्या घरी कोणाचे हात थरथरायचे? म्हणजे आजोबा, एखादी मावशी?"

"थरथरायचे? आमच्या आईने नव्वदीतही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला. बाप झाडावरून पडून मेला, त्या वयात झाडावर चढायचं कारण नव्हतं म्हणून. बाकीचे आम्ही चिवट. मरतच नाही."

"हन्नाला काही होत असेल. आठवा ना. वस्तू पडायच्या का हातातून? चालताना तोल जायचा का? एखादी तरी गोष्ट आठवा, मामा. मी फार लांबून आलेय."

आपण हात जोडून बसलो आहोत हे तिच्या लक्षात आलं. इझ्राने सुई खाली ठेवली.

"पोरी, तू काय शोधतेयस ते कळलं मला. ते तुला पाईकांच्यात मिळायचं नाही. तुझा बाप आमच्या हन्नाला मागणी घालायला आला ना, तेव्हा आई स्वयंपाकघराचं दार लावून रडली होती. म्हणाली, पोरीला कुठेही द्या, पण हॅलोबींत नको. ते मरायच्या आधी नाचतात."

"कोण म्हणायचं असं?"

"सगळेच म्हणायचे. हॅलोबींची चाल म्हणायचे. तुमच्या गावात नाही म्हणत?"

म्हणत होते. लिडियाने लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. शाळेतली पोरं तिच्यामागे झोकांड्या देत चालायची. बोटीवर जन्म काढलेल्या माणसांची ती डुलती चाल, म्हणून तिला त्याचा अभिमानच वाटायचा.

"माझे वडील आजारी नव्हते," ती म्हणाली. "ते बुडाले."

"हो. पण त्या दिवशी वारा नव्हता गं," इझ्रा हळूच म्हणाला. "आम्ही सगळे मासेमारीलाच होतो. पाणी आरशासारखं होतं."

परतताना तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि काचा वर करून ओरडली. घसा दुखेपर्यंत ओरडली. मग तोंड पुसून थेट विनी आत्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

विनिफ्रेड हॅलोबी टेबलावर रंगाच्या बाटल्या मांडून बसली होती. पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले. "बरी आलीस," ती म्हणाली. "रोवेनाच्या नवऱ्याचं नाव कसं लिहायचं गं? सूझा की द सूझा? नंतर खाडाखोड नको."

"आत्या, आजोबा कशाने गेले?"

"हृदयाने."

"आणि त्यांची बहीण? आणि बाबा? ज्या दिवशी वारा नव्हता त्या दिवशी?"

आत्याने कुंचला पाण्यात बुडवला आणि सावकाश फिरवत राहिली. "कोणाकडे गेली होतीस?"

"इझ्रा पाईककडे. अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक आहे, आत्या. फक्त आम्हाला नाही."

"आसाचं पाहिलंय मी," आत्या म्हणाली. "इस्टरला चर्चच्या पायऱ्या उतरत होता. माझ्या बापासारखाच उतरत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? या मागच्या खोलीत मी बापाला अकरा वर्षं सांभाळलंय. तोंडात घास घातला की अर्धा माझ्या अंगावर उडायचा. शेवटी शेवटी मला ओळखायचा नाही, मारायचा. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून उन्हाळ्यातसुद्धा खिडक्या लावून घ्यायची मी. जोसायाने, तुझ्या बापाने, ते सगळं पाहिलं होतं. त्याच्या हातातून कप पडायला लागले, तसा तो एके दिवशी माझ्याकडे आला, बसला, चहा प्यायला, बराचसा सांडला. जाताना म्हणाला, विने, तुझ्या डोक्यावर आणखी एक नको. दुसऱ्या दिवशी होडी घेऊन गेला."

 लिडिया खिडकीच्या कट्ट्याला टेकली.

"आणि तू त्याला दोन लग्नं करू दिलीस. मला करू दिलंस."

"मी माझ्यापुरतं केलं. मला मागणी घालणारे होते गं. मी कोणाला हो म्हटलं नाही. पन्नाशी उलटली, साठी उलटली, तेव्हा कळलं की मी सुटलेली होते. विनाकारण राहिले तशीच." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तुला सांगणार होते. पण हिंमत होईपर्यंत तुझे दिवस भरत आले होते. पोटातल्या पोराला परत पाठवू म्हणू?"

"त्याला वीस वर्षं झाली, आत्या!"

 लिडियाने खुर्चीवर चढून भिंतीवरचा वंशवृक्ष उतरवला. चौकट जड होती. ती टेबलावर आदळली, रंगाची बाटली लवंडली. तिने मागच्या खिळ्यांच्या पट्ट्या सुरीने उचकटल्या आणि कागद काचेखालून ओढून काढला.

"दाखव मला. कोण कोण नाचलं ते."

आत्याने नकार दिला. मग लिडिया तिच्यापुढे जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "आत्या, माझी रोवी सप्टेंबरात लग्न करतेय." तेव्हा म्हातारीने चष्मा लावला.

दिवस मावळेपर्यंत दोघी कागदावर वाकून होत्या. आत्या बोट ठेवी, लिडिया पेन्सिलीने फुली करी. हे माझे आजोबा. ही त्यांची आत्या, हिला गुरांच्या गोठ्यात ठेवायचे. हा कर्नल, ज्याचा पुतळा आहे. घोड्यावरून पडला म्हणतात, बसताच येत नव्हतं त्याला. या फांदीवर कोणीच नाही, हा सत्तर वर्षं धडधाकट जगला, याची सगळी ओहायोतली माणसं सुटली. ही फांदी मात्र पाहा. आत्याला हे तिच्या आजीने सांगितलेलं, आजीला तिच्या सासूने. घराण्यातल्या बायकांना सगळं पाठ होतं. पाच-सहा पिढ्यांच्या वर फुल्या थांबल्या, कारण आठवणीच थांबल्या. जहाजातून उतरलेल्या पहिल्या हॅलोबीने हे बरोबर आणलं की नंतर कोणी सून घेऊन आली, ते आता कोणालाच कळणार नव्हतं. पण खाली फुल्यांची माळ सरळ आली होती. आजोबा, जोसाया, आसा. आसाच्या शेजारी लिडियाचं नाव होतं आणि त्याखाली रोवेनाचं. त्या दोन नावांवर पेन्सिल नुसतीच अधांतरी थांबली.

रोवेनाला सांगायला लिडियाला चार दिवस लागले. शेवटी कपडे वाळत घालताना सांगितलं, कारण तेव्हा एकमेकींकडे बघावं लागत नव्हतं. रोवेनाने सगळं ऐकून घेतलं. हातातली चादर तशीच धरून ती उभी राहिली.

"म्हणजे तुला असेल तर मला निम्मी शक्यता."

"हो."

"आणि तुला आहे का?"

"माहीत नाही, राणी."

"मग मी काय करू, आई? लग्न करू? नको करू? मूल होऊ देऊ? कोणीतरी सांगा ना मला!" तिने चादर गवतावर फेकली. "तुला दहा वर्षांनी कळणार, तोपर्यंत मी काय करायचं?"

 लिडियाने लेकीला जवळ ओढायला हात पुढे केला, रोवेना मागे सरकली आणि सायकल घेऊन मॅनीकडे निघून गेली. दोन दिवस घरी आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. लग्न मोडलं नव्हतं, पुढे ढकललं होतं. मॅनीची आई म्हणाली होती, देव बघून घेईल. मॅनी म्हणाला होता, मुलं नकोत, आपण कुत्री पाळू, आणि मग हुंदके देऊन रडला होता.

"ऑगस्टमध्ये कुरणावर किती जण येतात?" रोवेनाने विचारलं.

"शंभरेक."

"त्यांच्यातल्या कोणाला माहितीये?"

"विनी आत्याला," लिडिया म्हणाली. "आणि आता आपल्याला."

मेळाव्याच्या दिवशी मांडवात खेकड्यांच्या कढीची पातेली आणि ब्राऊन ब्रेडच्या थाळ्या लागल्या होत्या. दरवर्षी जिथे वंशवृक्ष टांगत, तिथे रोवेनाने तो फुल्यांसकट टांगला, आणि बाकावर उभी राहून डॉक्टरांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. तिचा आवाज चिरकत होता, पण थांबला नाही. आधी कोणी हसलं. मग एक काका ओरडला, "विनी, त्या पोरीला खाली उतरव! घराण्याची अब्रू काढतेय." विनी आत्या ताठ बसून होती. ती म्हणाली, "फुल्या मी सांगितल्यात, हेन्री. तुझ्या आईवरची पण मीच सांगितली." हेन्रीकाका बायकोला घेऊन जेवण टाकून निघून गेला. त्याच्यामागे आणखी काही गाड्या गेल्या.

बाकीचे मात्र हलले नाहीत. थोड्या वेळाने एक तरुण बाई कडेवरच्या मुलाला घेऊन कागदाजवळ गेली, आपलं नाव शोधून वर वर बोट नेत राहिली आणि एका फुलीवर थांबली. तिच्यामागे रांग लागली.  एका बाईने फुल्या नसलेली फांदी सापडल्यावर मटकन खाली बसून तोंडावर रुमाल घेतला, आणि शेजारची तिच्याकडे असं बघत राहिली की लिडियाला नजर वळवावी लागली.

आसा मांडवाच्या कडेला खुर्चीत होता. त्याचा चमचा तोंडापर्यंत नीट पोचत नव्हता. रोवेना त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून चमच्याने कढी भरवू लागली. अर्धी तोंडात जाई, अर्धी हनुवटीवरून ओघळे.

"मामा, गिळ आधी, मग बोल."

"मी... छान... बोललीस म्हणत होतो," आसा म्हणाला.

लिडिया पुसायला फडकं घेऊन आली आणि आसाची हनुवटी पुसायला वाकली. रोवेनाचा हात चमच्यासकट हवेत थांबला. ती आईच्या बोटांकडे बघत होती. ती कुठे थरथरतात का, कुठे चुकतात का, ते बघत होती. लिडियाला ते कळलं. हात मागे घ्यावासा तिला फार वाटला. पण तिने तो तिथेच ठेवला, हळूहळू पुसत राहिली, लेकीचं बघून होईपर्यंत.