धोंडेसरांचा धोका

अकरा धोक्यांपैकी चार दुसऱ्या पानावर न्यायचे, एवढंच काम होतं. पहिल्या पानावरच्या सातांकडे पुढची पाच वर्षं संस्था लक्ष देणार, दुसऱ्या पानावरचे थांबणार. संचालकांनी सोमवारी सकाळी हे उभ्या उभ्या सांगितलं आणि बॅग घेऊन ते विमानतळाकडे निघून गेले. यादी ताईंच्या टेबलावर राहिली.

ताई म्हणजे संस्थेतल्या सगळ्यांच्याच ताई. जगावर येऊ शकणाऱ्या संकटांचा अहवाल गेली एकोणीस वर्षं त्याच लिहीत होत्या. साथीचे रोग, उष्णता, पाण्याची टंचाई, अण्वस्त्रं, ज्वालामुखी. सुरुवातीला एखादा आकडा वाचून त्यांची रात्रीची झोप उडायची. आता आकडे वाचून फक्त मान अवघडायची.

आठवडाभर त्यांच्या खोलीत ये-जा चालू राहिली. आलेला प्रत्येक जण आधी म्हणे, "ताई, सगळेच धोके महत्त्वाचे, मला मान्य आहे," आणि लगेच आपलं घोडं पुढे दामटे. ज्वालामुखीवाल्या बाईंनी तर भला मोठा नकाशाच टेबलभर पसरला. ताईंनी चहाचा कप उचलून खिडकीत नेऊन ठेवला आणि ऐकत बसल्या.

"म्हणजे ही माणसं मेली तरी चालतील, असंच ना?" शेवटी नकाशावरच्या गावांवर हात ठेवून बाई म्हणाल्या.

"असं कोण म्हणतंय? आधी कुणाकडे धावायचं, तेवढं ठरवायचंय."

"एकच झालं ते," बाई म्हणाल्या आणि नकाशाची गुंडाळी करू लागल्या.  बाईंचं अगदीच चूक होतं असंही नव्हतं.

घरी जेवताना नवऱ्याने विचारलं, "काय गं, आज कोणाला खाली उतरवलंस?" त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि बायकोच्या कामाची थट्टा करायचा हक्क लग्नापासून आपल्याकडेच आहे, असं तो समजत असे.

"ज्वालामुखी."

"बरं केलंस. आपल्या गल्लीत नाहीच एकही."

सासूबाई हसल्या. ताईही हसल्या, पण घास तसाच हातात राहिला.

गुरुवारपर्यंत तीन नावं ठरली. चौथं ताईंना सोमवारपासूनच माहीत होतं. त्या ते पुढे ढकलत होत्या, इतकंच.

आकाशातून येऊन पृथ्वीवर आदळू शकणारे दगड शोधायचं काम तळमजल्यावर चाले. ते पाहणाऱ्या वयस्कर शास्त्रज्ञांचं आडनाव भलतंच होतं, पण सगळे त्यांना धोंडेसर म्हणत, आणि तेही त्या नावाला ओ देत. ताईंची पहिली नोकरी त्यांच्याच हाताखाली झाली होती. आकडा वाचायचा कसा आणि त्याला घाबरायचं किती, हे त्यांनीच शिकवलं होतं. आणि आता त्यांचेच आकडे सांगत होते, की मोठे दगड जवळजवळ सगळे सापडलेत आणि त्यातला एकही पुढची शंभर वर्षं आपल्याकडे फिरकत नाही.

ताई जिना उतरून त्यांच्या खोलीत गेल्या.

"बस," सर म्हणाले. "मी वर आलो नाही म्हणून तू खाली आलीस."

"का नाही आलात? सगळे येऊन गेले."

"येऊन काय सांगू? आकडे मीच काढलेत."

ताई खुर्चीच्या कडेला टेकल्या. "सर, अजून लिहिलेलं नाही. पहिल्या पानावर ठेवता येईल."

"माझ्या जागी मग खाली कोण जाईल?"

"पाण्याची टंचाई, बहुतेक."

"वेडी आहेस का?" सर शांतपणे म्हणाले. थोडा वेळ ते टेबलावरचे कागद नीट करत राहिले. "एक मात्र लिही. मोठे सापडले, लहान अजून पुष्कळ राहिलेत. बघणं बंद करू नका, असं लिही. आत्ताची सहा माणसं नकोत, दोन पुरतील."

ताईंनी तसं लिहिलं. शुक्रवारी संचालक परतले, त्यांनी अहवाल चाळला आणि नेमकं तेच वाक्य खोडलं.

"दुसऱ्या पानावरच्यांनाही माणसं द्यायची, तर पान वेगळं केलंच कशाला?"

"मग सही तुम्हीच करा," ताई म्हणाल्या.

एकोणीस वर्षांत त्या असं बोलल्या नव्हत्या. आवाज चढलेला नव्हता, चढवायला अंगात त्राणच नव्हतं. संचालकांनी मान वर केली.

"ताई, तुम्ही दमलाय."

"दमलेय. पण ते वाक्य राहू द्या."

संचालकांनी पेन पुन्हा उघडलं. मग खोडलेलं वाक्य पुन्हा लिहिलं आणि त्याच्या आधी दोन शब्द घातले: 'शक्य असल्यास'. त्या दोन शब्दांचं पुढे काय होतं, ते ताईंनी अनेकदा पाहिलं होतं. अजून भांडता आलं असतं. त्यांनी सही केली.

तीन महिन्यांनी तळमजल्यावरची तीन माणसं पाण्याच्या विभागात गेली. तिघं उरली, अहवालाप्रमाणे जागा दोनच होत्या. धोंडेसरांनी कोणाला न विचारता निवृत्तीचा अर्ज दिला आणि दोघा तरुणांना ठेवून घ्यायला लावलं.

ताईंना कळलं तेव्हा सर पुस्तकं खोक्यात भरत होते.

"माझ्यामुळे झालं हे," ताई म्हणाल्या.

"तुझ्यामुळे दोघं राहिली." सरांनी खोक्याला चिकटपट्टी लावली. "वाईट वाटलं नाही असं नाही. दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. बायकोला वाटलं, तब्येत बिघडली. मग म्हटलं, अरे, तीस वर्षं हेच तर सिद्ध करायचं होतं, की घाबरायचं कारण नाही. झालं सिद्ध, तर तोंड पाडून का बसलोय?"

"मला ते दोन शब्द काढून घेता आले असते."

"कदाचित. आणि कदाचित अख्खं वाक्य गेलं असतं. धर, तिकडून उचल."

खोकं जड होतं. दोघांनी ते मिळून गाडीपर्यंत नेलं, वाटेत दोनदा टेकवलं. सर गाडीत बसले, काच खाली करून म्हणाले, "पाण्याचं नीट बघ," आणि गेले.

ताई वर आल्या. नव्या वर्षाच्या अहवालासाठी पाण्याच्या विभागाचे आकडे येऊन पडले होते, मागच्यापेक्षा वाईट. त्यांनी पहिली दोन पानं वाचली, तिसऱ्यावर खूण ठेवली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घर गाठलं.

"बरं नाही का गं?" सासूबाईंनी दार उघडत विचारलं.

"बरं आहे. जरा पडते."

सासूबाईंनी पडदा ओढून घेतला. ताई कुशीवर वळल्या आणि कित्येक दिवसांनी भर दुपारी गाढ झोपल्या.